दुरुस्त केलेली जुनी लष्करी रायफल 'ओरिजिनल' असते का? तिची किंमत नेमकी कशावरून ठरते?

जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं साताऱ्यात आली. छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात ती पाहायला रांगा लागल्या. त्याच वेळी सोशल मीडियावर एक वाद रंगला होता: अफजलखानाच्या भेटीत महाराजांनी वापरलेली वाघनखं हीच का? ती साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याच्याकडे होती आणि पेटीवर तसा मजकूरही होता. पण महाराजांनी वापरलेली वाघनखं हीच, याची खात्री देता येत नाही, असं खुद्द लंडनच्या म्युझियमनं सांगितलं.

जुनी वस्तू खरी आहे, पण तिच्याबद्दल जे सांगितलं जातं ते खरं आहे का, असा हा प्रश्न होता. जुन्या लष्करी रायफलींच्या बाबतीत तो आणखी अवघड होतो. वाघनखांना सुटे भाग नसतात. रायफलीला असतात, ते झिजतात, तुटतात आणि बदलले जातात.

सातारा-सांगली हा फौजींचा पट्टा. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात मारले गेले. 'मिलिटरी अपशिंगे' हीच आज त्या गावाची ओळख आहे. पाटण, खटाव, माण, जावळी या तालुक्यांतही पिढ्यानपिढ्या फौजेत असलेली घरं आहेत. त्यामुळे 'आमच्या पणजोबांची बंदूक', 'वाड्यातली इंग्रजांच्या काळातली रायफल' असे विषय इथे निघतात. वर 'ही बंदूक घरात असेल तर तुम्ही करोडपती' असे रील फिरत असतातच. म्हणून जुन्या रायफलीचं मूळपण कसं ठरतं, दुरुस्ती झाली की किंमत वाढते की घटते आणि अशी रायफल घरात सापडली तर काय करायचं, हे समजून घेऊ.

आधी एक गोष्ट: लष्करी रायफल मूळ स्थितीत राहतच नाही

उदाहरण म्हणून सगळ्यांच्या ओळखीची 'थ्री नॉट थ्री' घेऊ. तिचं खरं नाव ली-एनफिल्ड. तिचं आखूड नळीचं रूप १९०३-०४ च्या सुमारास ब्रिटिश सैन्यात आलं. १९०७ मध्ये मार्क ३ हा प्रकार आला आणि पहिल्या महायुद्धात उत्पादन वेगानं व्हावं म्हणून काही भाग वगळून 'मार्क ३ स्टार' आला. दोन्ही महायुद्धांत मराठा पलटणींच्या हातात याच घराण्यातल्या रायफली होत्या. स्वातंत्र्यानंतर त्या आपल्या लष्करात राहिल्या, मग पोलिसांकडे गेल्या. २६/११ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर रेल्वे पोलिसांच्या हातात हीच रायफल होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर तिला २०२० च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनानंतर निरोप दिला.

एवढी वर्षं एखादी वस्तू वापरात राहते याचा अर्थ ती अनेकदा दुरुस्त झालेली असते. गोळ्या सुटून सुटून नळीच्या आतले आटे झिजतात. दमट हवेत लाकूड फुगतं, उन्हात तडकतं. बोल्ट सैल होतो. सैन्याला जुन्या वस्तूचं कौतुक नसतं, त्याला चालणारं हत्यार हवं असतं. म्हणून ठरावीक काळानं रायफली कारखान्यात परत जात.

या मोठ्या दुरुस्तीला 'फॅक्टरी थरो रिपेअर' म्हणतात, थोडक्यात 'एफटीआर'. रायफल पूर्ण सुटी करायची. प्रत्येक भाग मापानं तपासायचा. झिजलेली नळी काढून नवी बसवायची, लाकूड बदलायचं, लोखंडावर नवा थर द्यायचा. मग जोडणी, चाचणी आणि शेवटी बॉडीवर 'एफटीआर' आणि वर्षाचा शिक्का. म्हणजे १९१६ साली बनलेल्या रायफलीची नळी १९४५ ची आणि लाकूड १९५५ चं असू शकतं. तिन्ही गोष्टी अस्सल आणि तिन्ही सरकारी कारखान्यातल्याच.

मग ही रायफल १९१६ ची म्हणायची की १९५५ ची? संग्राहकांचे निम्मे वाद इथेच होतात.

इशापूरचा कारखाना आणि भारतात झालेले बदल

भारतात या रायफलींचं माहेर म्हणजे पश्चिम बंगालमधली इशापूर रायफल फॅक्टरी. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिथे उत्पादन सुरू झालं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन पुढच्या मॉडेलकडे वळला, पण इशापूर जुनीच मार्क ३ स्टार बनवत राहिलं. जुन्या रायफली दुरुस्त करण्याचं कामही तिथे मोठ्या प्रमाणावर चाले.

इशापूरच्या रायफलींवर भारतीय खुणा दिसतात. जिथे बट बॉडीला मिळतो, तिथल्या लोखंडी पट्ट्यावर इंग्रजी अमदानीत मुकुट, कारखान्याचं नाव आणि वर्ष असे. स्वातंत्र्यानंतर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. ब्रिटिश सरकारी मालाची बाणाची खूण आणि तिच्याखाली इंग्रजी 'आय' अक्षर दिसलं की तो भारत सरकारचा माल समजायचा.

यातले तीन बदल खास आपल्याकडचे आहेत.

पहिला, तांब्याच्या तारेचे वेढे. रायफलीच्या तोंडावर कप लावून हातबॉम्ब फेकला जाई. त्याचा झटका मोठा असतो. लाकूड फुटलं तरी रायफल एकत्र राहावी म्हणून पुढच्या भागावर तार गुंडाळत. इशापूरमध्ये अशा रायफली मोठ्या संख्येनं तयार झाल्या.

दुसरा, पोलिसांसाठीचा ४१० बोअर मस्केट. थ्री नॉट थ्रीची नळी आतून मोठी आणि गुळगुळीत करायची, मॅगझिनमध्ये लाकडी ठोकळा बसवायचा आणि एका वेळी एकच काडतूस चालेल असं करायचं. दिसायला लष्करी रायफल, पण ताकद कमी. शिवाय तिला सैन्याचं काडतूस चालत नसे, त्यामुळे हत्यार चुकीच्या हातात पडलं तरी धोका मर्यादित. १८५७ नंतर इंग्रजांनी असाच विचार केला होता. हिंदी शिपायांना रायफली न देता आतून गुळगुळीत नळीचे मस्केट दिले गेले आणि सुरुवातीला त्यासाठी एनफिल्ड रायफलींचे आटेच काढून टाकले.

तिसरा बदल १९६२ च्या चीन युद्धानंतरचा. सैन्य ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसाकडे वळत होतं. इशापूरनं जुन्या रचनेतच अधिक चांगलं पोलाद वापरून '२ए' आणि नंतर '२ए१' या रायफली बनवल्या. या जुन्या रायफली बदलून केल्या असा समज पसरलेला आहे, पण त्या नव्यानं बनवलेल्या होत्या.

महाराष्ट्राचाही यात वाटा आहे, तो काडतुसांचा. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. तिथल्या थ्री नॉट थ्री काडतुसांच्या बुडावर 'के एफ' ही अक्षरं असत, म्हणजे किर्की फॅक्टरी. पुढे जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या कारखान्याची 'ओ एफ व्ही' ही खूण आली. जगभरात जुनी काडतुसं जमवणारे लोक ही दोन नावं ओळखतात.

आपल्या जुन्या तलवारी तरी कुठे 'अखंड' होत्या?

दुरुस्त केलेलं म्हणजे नकली, हा समज आपल्याच इतिहासात टिकत नाही. मराठ्यांची 'फिरंगी' तलवार घ्या. पातं युरोपातून आलेलं आणि मूठ दख्खनच्या कारागिरानं बसवलेली. पातं चांगलं असेल तर पुढच्या पिढीत नवी मूठ चढे. सेनासाहेब सुभा रघुजी भोसले यांची तलवार महाराष्ट्र सरकारनं २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून मिळवली. सगळा मिळून ४७ लाख १५ हजार रुपये खर्च आल्याचं सरकारनं सांगितलं. तीही फिरंगीच. पातं युरोपीय आणि त्यावर रघुजींचा उल्लेख सोन्यानं केलेला. त्या तलवारीला कोणी 'जोडकाम' म्हणून नाकारलं नाही.

बंदुकांचंही तेच. तोड्याच्या बंदुका पुढे टोपीच्या झाल्या, कारण नळी तीच ठेवून फक्त चापाकडची यंत्रणा बदलता येई. इंग्रजांनी तर १८६६ मध्ये तोंडाकडून ठासायच्या एनफिल्ड रायफलींचा मागचा भाग कापून तिथे झडप बसवली आणि 'स्नायडर' रायफल तयार केली. जुन्या रायफलीचं रूपांतर हीच तिची ओळख आहे. तिला 'पूर्ववत' करायला गेलात तर स्नायडरच नष्ट होईल.

मग संग्राहक नेमकं काय तपासतात?

अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया अशा देशांत परवाना आणि नियम पाळून जुन्या लष्करी रायफली जमवता येतात. तिथल्या बाजारात किंमत ठरवताना साधारण या गोष्टी पाहतात.

नंबर जुळतात का? आपल्या पोलीस दलात 'बॉडी नंबर' आणि 'बट नंबर' हे शब्द रोजचे आहेत. ली-एनफिल्डचा कारखान्याचा नंबर बॉडीवर, नळीवर, बोल्टच्या दांड्यावर, तोंडाकडच्या टोपीवर आणि मागच्या साइटच्या पट्टीखाली असे. सगळीकडे एकच नंबर असेल तर रायफल 'मॅचिंग' आणि अर्थातच महाग.

यात गुंतागुंत अशी की दुरुस्तीत नवा बोल्ट बसवला की कारखाना त्यावरचा जुना नंबर रेघ मारून खोडी आणि बॉडीचा नंबर ठोके. सोव्हिएत रशियानं दुसऱ्या महायुद्धानंतर मोसिन-नागां रायफली मोठ्या प्रमाणावर दुरुस्त केल्या, तेव्हाही हेच केलं. नंबर जुळतात, पण जुळवून घेतलेले असतात. जाणकार अशा रायफलीला खोटी म्हणत नाहीत, मात्र मूळ मॅचिंग रायफलीइतकी किंमतही देत नाहीत.

शिक्के शाबूत आहेत का? कारखाना, वर्ष, चाचणी, दुरुस्ती, पलटण, विक्री यांचे शिक्के म्हणजे रायफलीचं सेवापुस्तक. पॉलिश करताना किंवा लाकूड घासताना ते पुसट झाले तर किंमत घसरते.

पृष्ठभाग जुनाच आहे का? हाताच्या घामानं आणि तेलानं काळवंडलेलं लाकूड, कडांवर उडालेला काळा थर हे संग्राहकाला हवं असतं. पॉलिश पेपरनं घासून वॉर्निश मारलेला चकचकीत बट पाहून तो मागे सरकतो.

सगळे भाग एकाच काळातले आहेत का? अमेरिकेच्या एम-१ गॅरंड रायफलीवरून यावर मोठा वाद आहे. या रायफली ५० लाखांहून अधिक बनल्या आणि दुसरं महायुद्ध व कोरिया युद्धानंतर सरकारी कारखान्यांत दुरुस्त झाल्या. भाग सरमिसळ झाले. मग काही लोकांनी १९४३ च्या बॉडीला १९४३ चेच भाग शोधून बसवायला सुरुवात केली. अशी रायफल 'करेक्ट' म्हणून विकली जाते. प्रत्येक भाग अस्सल आणि योग्य वर्षाचा, पण हे भाग पूर्वी कधीच एका रायफलीत नव्हते. उलट सैन्यानं जशी दुरुस्त करून दिली तशीच राहिलेली रायफल दिसायला विजोड असते, पण तिच्यावर जे दिसतं ते खरंच घडलेलं असतं. पूर्वी बाजारात 'करेक्ट'ची हवा होती. आता न छेडलेल्या दुरुस्त रायफलीला मान देणारे संग्राहकही बरेच आहेत.

दुरुस्ती कोणी केली, यावर सगळं ठरतं

'भाग बदलला का' यापेक्षा 'कोणी, कधी आणि कशासाठी बदलला' हे विचारलं की गोंधळ कमी होतो.

सैन्याच्या कारखान्यानं सेवेत असताना केलेला बदल हा त्या हत्याराच्या इतिहासाचाच भाग. एफटीआरचा शिक्का, तांब्याची तार, ४१० बोअरचं रूपांतर यात येतं. तार 'कुरूप दिसते' म्हणून काढणारा माणूस त्या रायफलीची ओळखच काढून टाकतो.

सेवेतून बाहेर पडल्यावर मालकानं शिकारीसाठी केलेला बदल, म्हणजे नळी आखूड करणं, पुढचं लाकूड कापणं, दुर्बीण बसवायला भोकं पाडणं. यानं संग्राहक किंमत बहुतेक वेळा घसरते, कारण कापलेलं परत येत नाही.

विक्रेत्यानं खपावी म्हणून केलेला बदल ही तिसरी गोष्ट. आपल्या इशापूरच्या २ए१ रायफली सरकारी निकासीतून अमेरिकेत पोहोचल्या. तिथल्या एका कंपनीनं त्यातल्या काही आखूड करून, तोंडाला फनेल लावून 'नंबर ७ जंगल कार्बाइन' म्हणून विकल्या. असं मॉडेल कोणत्याच सैन्यात कधी नव्हतं. खरी जंगल कार्बाइन म्हणजे नंबर ५, जी दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी ब्रिटनमध्ये बनली. वजन कमी करण्यासाठी तिच्या नळीच्या मुळाशी आणि बॉडीवर धातू कोरून काढलेला असतो. नकली बनवणारे वरून फनेल लावतात, पण लाकडाखालचं हे कोरीव काम सहसा नसतं. म्हणून जाणकार लाकूड उतरवल्याशिवाय नंबर ५ वर पैसे लावत नाहीत.

आणि चौथी, सरळ बनावट. खैबर खिंडीच्या पट्ट्यात, विशेषतः दर्रा आदमखेलमध्ये, इंग्रजी रायफलींच्या हातानं बनवलेल्या नकला पिढ्यानपिढ्या तयार होतात. अफगाणिस्तानातल्या बाजारांत परदेशी सैनिकांनी त्या आठवण म्हणून विकत घेतल्या. या नकला पकडायच्या युक्त्या मजेशीर आहेत. इंग्रजी 'एन' उलटा कोरलेला. स्पेलिंग चुकलेलं. राणी व्हिक्टोरियाचा 'व्ही आर' शिक्का आणि खाली १९०१ नंतरचं वर्ष. राणी १९०१ च्या जानेवारीतच वारली होती.

भाग अस्सल, पण गोष्टीचं काय?

आता वाघनखांचा मुद्दा परत येतो. टिपू सुलतानची तलवार २०२३ मध्ये लंडनला १ कोटी ४० लाख पौंडांना गेली. एवढी किंमत नुसत्या पोलादाला मिळत नाही. ही तलवार टिपूच्या महालातून कोणाकडे आणि तिथून पुढे कोणाकडे गेली, याचा माग सांगता येत होता. अशा मागाला हिंदीत 'मिल्कियत की कड़ी' म्हणावं तसं मराठीत मालकीची साखळी म्हणू. ती तुटली की उरते फक्त एक जुनी तलवार.

आपल्या भागातलं उदाहरण घेऊ. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला. उद्या कोणी एखादी जुनी पोलीस रायफल दाखवून 'ही त्या दिवशीची' असं म्हणालं तर काय तपासायचं? ती १९४२ च्या आधी बनली असावी, हे शिक्क्यांवरून कळेल. पण ती त्या दिवशी वडूजमध्ये होती हे रायफल सांगू शकत नाही. त्यासाठी तिचा नंबर असलेलं त्या काळचं रजिस्टर, वाटपाची नोंद किंवा न्यायालयीन कागद हवा. तसा कागद नसेल तर ती 'त्या काळातली रायफल' आहे, एवढंच प्रामाणिकपणे म्हणता येतं.

पणजोबांच्या बाबतीतही तेच. सैनिकाला दिलेली रायफल सरकारी मालमत्ता असते आणि ती कोतमध्ये परत जमा होते. निवृत्त होताना कोणी ती घरी आणत नाही. त्यामुळे 'मेसोपोटेमियाहून आणलेली सर्व्हिस रायफल' असं ऐकलं की आधी कागद मागावा. घरात खरोखर असण्याची शक्यता जास्त असते ती पदकं, पे-बुक, पत्रं आणि परवान्याची ठासणीची बंदूक यांची. या गोष्टींवर नाव आणि नंबर असतात, म्हणून कुटुंबाच्या इतिहासाचा पुरावा म्हणून त्या जास्त भक्कम ठरतात.

भारतात मात्र हिशोब उलटा आहे

परदेशी व्हिडिओंमध्ये गंजलेली रायफल घेऊन ती चालू करून दाखवतात. भारतात असं करणं थेट तुरुंगात नेऊ शकतं.

शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ४५ मध्ये एक सूट आहे. कालबाह्य, पुरातन मूल्याचं किंवा मोडकं हत्यार, जे दुरुस्ती करून किंवा न करता बंदूक म्हणून वापरता येणारच नाही, त्याला परवान्याचा नियम लागू होत नाही. 'दुरुस्ती करून' हे शब्द महत्त्वाचे. नुसतं बंद पडलेलं असून भागत नाही, ते दुरुस्त होण्यापलीकडचं असायला हवं. अशा हत्याराला कोणी चालू केलं तर ती सूट तिथेच संपते.

त्याच कायद्यात आणखी चार गोष्टी आहेत.

– बंदूक बनवणं, विकणं, तिच्यात बदल करणं आणि दुरुस्त करणं या प्रत्येक गोष्टीला परवाना लागतो. गावातल्या लोहाराकडून किंवा लेथवरून काम करून घेणं हा गुन्हा आहे.

– बंदुकीवरचं नाव, नंबर किंवा ओळखीची खूण पुसणं, बदलणं किंवा खोटी ठोकणं यावर बंदी आहे. म्हणजे संग्राहक बाजारात ज्याला 'नंबर जुळवणं' म्हणतात, तो इथे गुन्हा ठरतो.

– थ्री नॉट थ्री आणि ७.६२ ही सैन्याची काडतुसं चालणाऱ्या रायफली प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतात. म्हणूनच सरकारी कारखान्यानं सामान्य परवानाधारकांसाठी वेगळी ३१५ बोअरची रायफल बनवली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रतिबंधित हत्यार बेकायदा बाळगल्यास ७ ते १४ वर्षांची शिक्षा होऊ शकते.

– त्याच दुरुस्तीनं एका व्यक्तीकडे जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतील असं ठरवलं. वारसाहक्कानं आलेली बंदूकही या मर्यादेत मोजली जाते.

याशिवाय १९७२ चा पुरावशेष कायदा आहे. ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू १०० वर्षांहून जुनी असेल तर ती पुरावशेष ठरू शकते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. पहिल्या महायुद्धातल्या रायफलींची शंभरी कधीच झाली आहे. त्यामुळे 'लंडनच्या लिलावात पाठवू, करोडो मिळतील' असं सांगणाऱ्या एजंटवर विश्वास ठेवू नका.

पाटणसारख्या डोंगरी तालुक्यात आणखी एक प्रकार भेटतो, तो म्हणजे रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी घेतलेली ठासणीची बंदूक. शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी अशा बंदुकीच्या परवान्याची वेगळी तरतूद आहे. अडचण होते ती परवानाधारक वारल्यावर. बंदूक माळ्यावर राहते, परवाना कोणीच नावावर करून घेत नाही आणि घरच्यांकडे नकळत विनापरवाना हत्यार तयार होतं.

घरात जुनी बंदूक किंवा रायफल सापडली तर

१. ती भरलेली आहे असंच समजा. ठासणीच्या बंदुकीत कित्येक वर्षांपूर्वी भरलेली दारू तशीच असू शकते. चाप ओढून पाहू नका, नळीत काही घालू नका, मुलांना जवळ येऊ देऊ नका. जुनी काडतुसं असतील तर तीही हाताळू नका.

२. घासू नका, तेल-रॉकेल लावू नका, वॉर्निश मारू नका. गंजाखाली शिक्का असू शकतो आणि तोच तिचा एकमेव पुरावा असू शकतो.

३. रील करू नका, फोटो ग्रुपवर टाकू नका. 'विकायची आहे' असं तर अजिबात लिहू नका.

४. घरातले कागद शोधा: जुना परवाना, नूतनीकरणाच्या नोंदी, निवडणुकीच्या वेळी बंदूक जमा केल्याची पोलिसांची पावती. या पावत्यांवर नंबर असतो. परवानाधारक वारला असेल तर त्याच्या मृत्यूचा दाखलाही जवळ ठेवा.

५. जवळच्या पोलीस ठाण्याला कळवा. ताबा कायदेशीर राहिला नसेल तर हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करण्याची तरतूद कायद्याच्या कलम २१ मध्ये आहे. जमा केल्याची पावती घ्या आणि तीवर सगळे नंबर लिहून घ्या. वारसाला परवाना हवा असेल तर अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात करायचा.

६. हत्यार 'दुरुस्तीपलीकडचं' आहे, हे स्वतः ठरवू नका. तसा निर्वाळा अधिकाऱ्यांकडून लेखी घ्या.

७. वस्तू ऐतिहासिक वाटत असेल तर राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला लेखी कळवा. कुटुंबात सांगितली जाणारी गोष्टही कोणी, कधी, कोणाकडून ऐकली यासह लिहून सोबत जोडा. आजी-आजोबा हयात असतील तर हे काम आधी करा, कारण बंदूक पुढच्या वर्षीही तिथेच असेल.